कुरखेडा परिसरातील मोह : परंपरेने राखलेला वृक्ष आणि त्याच्या वंशवृद्धीचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुरखेडा तालुका हा भातशेती आणि पानझडी वने एकमेकांत मिसळलेला प्रदेश होय. गावाची वस्ती मागे टाकून शेतांकडे जाऊ लागले की, भाताच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, पडीत जमिनीत आणि रानाच्या कडेला एकेकटे उभे असलेले, भरगच्च माथ्याचे जुने वृक्ष दृष्टीस पडतात. शेत काढताना सभोवतालची झाडे तोडली गेली; ही मात्र हेतुपूर्वक राखली गेली. हा वृक्ष म्हणजे मोह. त्याचे फूल अन्न म्हणून, फळ भाजी म्हणून, बी तेलासाठी, पेंड खत म्हणून आणि फुलांचा अर्क देवकार्यासाठी वापरला जातो. ज्या वृक्षावर कुऱ्हाड चालविणे लोक सहसा टाळतात आणि ज्याच्या तोडीवर कायद्यानेही निर्बंध घातला आहे, तो वृक्ष सुरक्षित आहे असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल.

तथापि मध्य भारताच्या मोहपट्ट्यात वनाभ्यासकांना वारंवार आढळून आलेली गोष्ट निराळी आहे. गावालगतच्या आणि शेतांतील मोहांत जुनी झाडे पुष्कळ, परंतु रोपे आणि तरुण झाडे विरळ, असे चित्र ठिकठिकाणी दिसते. वृक्ष राखणे आणि वृक्षाचा वंश राखणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या चित्रावरून ध्यानात येते. मोहाच्या पारंपरिक उपयोगांचा परिचय करून देणे आणि त्यांपैकी कोणता उपयोग वृक्षाच्या वंशवृद्धीस बाधक नाही व कोणती रीत बाधक ठरते याची फोड करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदेश

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचे सुमारे ७० टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. सती नदीच्या काठी वसलेले कुरखेडा हे तालुक्याचे ठाणे असून कोरची, धानोरा, आरमोरी आणि देसाईगंज (वडसा) हे शेजारचे तालुके होत. कोरचीच्या पलीकडे छत्तीसगडची हद्द लागते. वनव्यवस्थेच्या दृष्टीने हा भाग वडसा वनविभागात मोडतो. गोंड, हलबा, कंवर इत्यादी आदिवासी समाज आणि त्यांच्या जोडीने कुणबी, तेली, ढीवर आदी समाज येथे नांदतात. झाडीबोली, गोंडी आणि छत्तीसगढी या तिन्ही बोली येथील बाजारात ऐकू येतात. वनस्पतींच्या स्थानिक नावांवर या तिहेरी संपर्काचा ठसा उमटलेला आहे. मोहाच्या बीला येथे रूढ असलेला ‘टोरी’ हा शब्द छत्तीसगढीतही तसाच आहे; महाराष्ट्रात अन्यत्र त्यालाच ‘टोळी’ म्हणतात.

येथील वन हे मिश्र पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, चार, हिरडा, बेहडा आणि पळस हे मोहाचे नेहमीचे सोबती. यांपैकी तेंदूचे पान आणि मोहाचे फूल ही दोन्ही उत्पन्ने उन्हाळ्यातील, म्हणजे शेतीची कामे थांबलेल्या काळातील आहेत. मार्च–एप्रिलमध्ये मोहफूल आणि त्यामागून मे महिन्यात तेंदूपान, असा येथील वनोपजाचा क्रम आहे. धान्याच्या कणग्या रित्या होत जाण्याचा काळही हाच. मोहाला या प्रदेशाच्या अर्थव्यवहारात जे स्थान लाभले आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी या कालयोगात आहे.

२. वृक्षाची ओळख

मोहाचा समावेश सॅपोटेसी कुलात, म्हणजे चिकूच्या कुलात, होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम रॉक्सबर्ग याने मध्य व उत्तर भारतातील मोहाचे वर्णन ‘बॅसिया लॅटिफोलिया’ या नावाने केले. पुढे हा वृक्ष ‘मधुका’ या प्रजातीत घातला गेला. सांप्रत त्यास ‘मधुका लाँगिफोलिया’ या जातीचा ‘लॅटिफोलिया’ हा प्रकार मानतात. जुन्या ग्रंथांत ‘मधुका इंडिका’ हेही नाव आढळते. दक्षिण भारतातील अरुंद पानांचा मोह आणि मध्य भारतातील रुंद पानांचा मोह हे अशा रीतीने एकाच जातीचे दोन प्रकार ठरतात.

संस्कृतात या वृक्षास ‘मधूक’ म्हणतात. दीर्घ ऊकारयुक्त ‘मधूक’ म्हणजे मोह आणि ऱ्हस्व उकारयुक्त ‘मधुक’ म्हणजे ज्येष्ठमध, हा भेद लक्षात न घेतल्यामुळे वैद्यकीय ग्रंथांच्या वाचनात घोटाळा होण्याचा संभव असतो. मोहफुलांपासून केलेल्या आसवाचा उल्लेख चरकसंहितेत आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त इंदुमतीच्या हाती दूर्वायुक्त मधूकमाला दिलेली आहे. तेलुगूतील ‘इप्प’, तमिळमधील ‘इलुप्पै’ आणि गोंडीतील या वृक्षाचे नाव ही एकाच द्राविड मूळ शब्दाची रूपे होत. आर्य आणि द्राविड या दोन्ही भाषाकुलांत या वृक्षाची स्वतंत्र आणि जुनी नावे असावीत, यावरून त्याच्याशी असलेल्या मानवी संबंधाची प्राचीनता सूचित होते.

मोह मध्यम ते मोठ्या आकाराचा, पानझडी, प्रकाशप्रिय वृक्ष आहे. त्याची साल करडी व भेगाळलेली असून ती कापली असता पांढरा चीक निघतो. पाने फांद्यांच्या टोकांशी झुबक्यांनी येतात. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होते आणि नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, बहुधा तिच्या आधी, फांद्यांच्या टोकांशी तांबूस-पिंगट लव असलेल्या कळ्यांचे घोस लटकू लागतात.

फुलाची रचना पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची असल्यामुळे ती नीट समजून घेणे अवश्य आहे. लोकव्यवहारात ज्याला ‘मोहफूल’ म्हणतात ते वस्तुतः संपूर्ण फूल नसून केवळ पुष्पमुकुट होय. पाकळ्या एकमेकींस जुळून त्यांचा मांसल, पिवळसर पांढरा, गोड रसाने भरलेला गोलसर पेला बनलेला असतो. पुंकेसर त्याच्या आतील बाजूस चिकटलेले असतात. लांब कुक्षिवृंत कळी उमलण्यापूर्वीच बाहेर डोकावतो, कारण या फुलात स्त्रीकेसर पुंकेसरांच्या आधी पक्व होतो. रात्रीच्या उत्तरार्धापासून सकाळपर्यंत हे पेले पुंकेसरांसह गळून पडतात. निदलपुंज आणि त्यातील अंडाशय मात्र झाडावरच राहतात. परागणाचे काम आटोपलेल्या अंडाशयाचेच पुढे फळ होते. गोड पेल्यांच्या लोभाने येणारी फळवटवाघळे परागणास साहाय्य करतात आणि पुढे फळे खाऊन बियांचा प्रसारही करतात.

३. फुलांचा हंगाम

होळीच्या आगेमागे वेचणीस आरंभ होतो. एका झाडाचा बहर साधारणतः दोन ते तीन आठवडे टिकतो; परंतु सर्व झाडे एकाच वेळी बहरत नसल्यामुळे गावाचा हंगाम त्याहून लांबतो. फुले पहाटे गळतात व ऊन चढू लागताच आंबू लागतात. शिवाय गुरे, हरणे आणि अस्वले यांचाही त्यांवर डोळा असतो. म्हणून घरातील स्त्रिया, मुले आणि वृद्ध माणसे झुंजूमुंजू होण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचणीचे काम मुख्यतः स्त्रियांचे आहे. वाकून एकेक फूल उचलण्याचे हे काम सलग काही तास चालते. ताज्या फुलांत सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असल्यामुळे ती अंगणात पसरून काही दिवस वाळवावी लागतात. वाळल्यावर त्यांचा रंग तांबूस-तपकिरी होतो आणि ती मनुकांसारखी सुरकुततात. नीट वाळलेले फूल कोरड्या जागी वर्षभर टिकते. अर्धवट वाळलेले फूल पावसाळ्यात बुरशीस बळी पडते.

गळलेले फूल स्वच्छ जागी दिसावे म्हणून हंगामापूर्वी झाडाखालचा पाचोळा दूर केला जातो. कोठे तो झाडून बाजूस सारतात. पुष्कळ ठिकाणी तो जाळतात. ही साधी दिसणारी कृती पुढे फार दूरगामी परिणाम करते, त्याचा विचार यथाक्रम येईल.

अलीकडच्या काळात या वेचणीला एक नवी जोखीम जडली आहे. वडसा वनविभागात आणि लगतच्या भागात वाघांचा वावर वाढल्यामुळे पहाटे एकट्याने रानात जाणे धोक्याचे झाले आहे. २०२१ साली छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला आणि कुरखेडा परिसरातही फिरला. साठविलेल्या मोहफुलांचा वास हत्तींना घरांकडे ओढून आणतो, हा मध्य भारतातील अनुभव सर्वश्रुत आहे. ज्या फुलांसाठी माणूस रानात जातो, त्याच फुलांसाठी रान घरापर्यंत येते, अशी ही परिस्थिती आहे.

४. अन्न म्हणून मोहफूल

वाळलेल्या मोहफुलांच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग शर्करांचा असतो. त्यांत ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या तिन्ही शर्करा आढळतात. प्रथिनांचे प्रमाण अल्प असले तरी कॅल्शियमसारखी खनिजे असतात; ताज्या फुलांत क जीवनसत्त्वही असते. अर्थात मोहफूल हे मुख्यतः ऊर्जा पुरविणारे अन्न आहे. डाळी, भाज्या आणि तेलबिया यांच्या जोडीने खाल्ले असता त्याचे मोल वाढते. लोकांच्या पाकपद्धतीत हे तत्त्व आपोआपच पाळले गेलेले दिसते: फुले भाजून तिळाबरोबर कुटणे, चिंचेच्या कोळात शिजविणे, उकडून भाताबरोबर किंवा पिठात मिसळून भाकरी करणे, अशा रीतींत गोडाला स्निग्ध, आंबट किंवा पिठूळ पदार्थाची जोड मिळते. भाजताना पुंकेसर गळून जातात व उग्र वासही कमी होतो.

दुष्काळात या वृक्षाने माणसे जगविली, ही गोष्ट ब्रिटिश अमदानीतील लेखनात पुनःपुन्हा नमूद झालेली आहे. मोहाची मुळे खोल जात असल्यामुळे, ज्या वर्षी पावसाअभावी धान हातचे जाते त्या वर्षीही तो सहसा फुलतो. धान आणि मोह यांचा जोखमीचा काळ एक नसणे, हाच दोहोंच्या सहअस्तित्वाचा आर्थिक पाया होय. बांधीच्या धुऱ्यावर सावली धरणारे झाड शेतकरी का राखतो, याचे उत्तर येथे मिळते. सावलीमुळे होणारी धानाची थोडी हानी हा जणू विम्याचा हप्ता असतो.

मात्र हल्ली गोळा झालेल्या फुलांचा मोठा भाग घरी न राहता बाजारात जातो. हंगामात रोकडीची निकड असल्यामुळे संग्राहक फुले लगेच विकतो आणि पावसाळ्यात भाव चढल्यावर त्यालाच ती विकत घ्यावी लागतात, हा प्रकार मोहपट्ट्यात सर्वत्र परिचित आहे. साठवणुकीची सोय आणि थोडे भांडवल यांचा अभाव हे त्याचे कारण आहे.

५. टोरी आणि तेल

मे महिन्यापासून फळे धरू लागतात व पावसाळ्याच्या तोंडाशी ती पिकतात. कोवळ्या फळांच्या गराची भाजी करतात. पिकलेला गर गोड असून माणसे आणि जनावरे दोघेही तो खातात. फळात एक ते चार तपकिरी, गुळगुळीत बिया असतात. कवच फोडून काढलेल्या गिरीत ३५ ते ५० टक्के तेल असते. गिरी वाळवून, कुटून, वाफेवर मऊ करून दोन जाड लाकडी फळ्यांमध्ये दाबून तेल काढण्याची जुनी रीत होती. आता बहुतेक ठिकाणी टोरी गिरणीवर नेतात. ओलेइक आम्लाबरोबरच पामिटिक आणि स्टिअरिक या संतृप्त आम्लांचे प्रमाण मोठे असल्यामुळे हे तेल थंडीत तुपासारखे थिजते. स्वयंपाक, दिवाबत्ती, अंगास चोळणे आणि साबण ही त्याची मुख्य कामे होत.

तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत सॅपोनिन द्रव्ये असतात, म्हणून ती तशीच जनावरांस चारणे इष्ट नसते. याच गुणामुळे ती शेतातील किडी व कृमी यांवर उपयोगी पडते आणि डबक्यातील मासे गुंगविण्यासाठीही वापरली गेली आहे. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करते. एकाच बीमधून माणसासाठी अन्न आणि माशासाठी विष वेगळे काढण्याचे ज्ञान प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीचे आहे.

६. दारू, देवकार्य आणि कायदा

मोहफुले पाण्यात काही दिवस आंबवून मातीच्या भांड्यांतून तिचा अर्क काढण्याची पद्धत मध्य भारतात सर्वत्र रूढ होती. गोंड समाजात जन्म, विवाह, मृत्यू आणि देवपूजा या प्रसंगी तिचे थेंब भूमीवर वाहिल्यावाचून विधी पुरा होत नसे. नव्या हंगामाचे फळ-फूल देवास अर्पण केल्यावाचून न चाखण्याचा नियम ‘पंडुम’ या सणांमागे आहे. निसर्गाच्या उत्पन्नावर समूहाने घालून घेतलेले हे बंधन होय.

मद्याचा महसूल हे जसे राज्यकर्त्यांचे उत्पन्न होते, तसे मोहफूल हे त्यांच्या संशयाचे लक्ष्य बनले. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास मोहफुलांविषयीच कायदा झाला; ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर त्याने निर्बंध घातले. चांदा जिल्हा त्या काळी मध्य प्रांतात असल्यामुळे या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा या भागासही लागू झाला. त्यात मोहफुलांचा व्यापार व वाहतूक यांवर बंधने होती. अन्न आणि मद्य यांचा कच्चा माल एकच असल्याने अन्नासाठी फुले साठविणाराही संशयित ठरे. फुलांचा खुला बाजार वाढला नाही, प्रक्रिया-उद्योग उभे राहिले नाहीत आणि भाव मध्यस्थांच्या हाती राहिले. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली हे निर्बंध शिथिल केले.

या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी लागू झाली ती शासनाच्या एकतर्फी इच्छेने नव्हे, तर दीर्घ लोकआंदोलनाच्या मागणीवरून. त्या आंदोलनात स्त्रियांचा वाटा मोठा होता. पहाटे फुले वेचणारी स्त्री आणि दारूमुळे संसार मोडलेला पाहणारी स्त्री पुष्कळदा एकच असते. म्हणून मोहफुलाचा अन्नमूल्याने विचार करणे आणि त्याची दारू नाकारणे यांत विसंगती नाही. लाडू, सरबत, पाक, जाम अशा पदार्थांना मागणी मिळाली, तर फुलाचे मोल दारूच्या भट्टीवर अवलंबून राहणार नाही.

७. मालकी आणि हक्क

शेतातील मोह त्या शेताच्या मालकाचा, हे उघड आहे. रानातील मोहांच्या बाबतीत मात्र अमुक कुटुंबाने अमुक झाडांखाली वेचावे अशी वहिवाट मध्य भारतातील अनेक गावांत पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. तिची लेखी नोंद नसली तरी ती मोडणे गैर मानले जाते. जमीनदारी व मालगुजारी पद्धतीत वनांवर मालकांचा ताबा असला तरी रयतेच्या निस्ताराचे, म्हणजे घरगुती गरजांचे, हक्क मान्य होते. १९५० च्या मध्य प्रदेश कायद्याने या मालकी हक्कांचे निर्मूलन झाले आणि ही वने शासनाकडे गेली. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत मोहाचा समावेश असल्यामुळे खाजगी जमिनीतील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या इतिहासाला वेगळे वळण दिले. परंपरेने गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजावर त्याने वननिवासींची मालकी मान्य केली. कुरखेड्याला लागून असलेल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील शेकडो ग्रामसभांनी हा हक्क प्राप्त केला. या कायद्यातील एका शब्दाकडे अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावयास हवे. सामूहिक वनाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन यांबरोबरच त्याचे ‘पुनरुज्जीवन’ करण्याचा हक्कही त्यात नमूद आहे. वृक्षतोडीचा कायदा उभ्या झाडाचे रक्षण करतो. न उगवलेल्या झाडाची काळजी घेण्याचा अधिकार वनहक्क कायद्याने ग्रामसभेस दिला आहे.

८. वंशवृद्धीत खंड कोठे पडतो

लेखारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. मोहफुले वेचल्यामुळे वृक्षाची वंशवृद्धी खुंटते काय? फुलाची रचना पाहता याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. वेचला जातो तो गळून पडलेला पुष्पमुकुट. अंडाशय झाडावरच राहिलेला असतो. झाडाच्या दृष्टीने गळलेला पेला हा निरुपयोगी झालेला अवयव आहे. फांद्या न ओरबाडता, गळलेलेच फूल उचलण्याची परंपरागत रीत या दृष्टीने निर्दोष म्हटली पाहिजे.

खंड पडतो तो याच्या पुढील टप्प्यांवर. पहिला टप्पा बीचा. मोहाचे बी वाळवून वर्षभर ठेवता येत नाही. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती क्षीण होते. निसर्गात फळ पावसाच्या तोंडावर पिकते, बी ओल्या जमिनीवर पडते आणि लगेच रुजते. या अल्प मुदतीतच टोरी गोळा केली जाते. जेथे झाडाखालील झाडून सर्व बी उचलले जाते, तेथे त्या वर्षीचे रोप जन्मालाच येत नाही.

दुसरा टप्पा आगीचा. निसटलेले एखादे बी पावसाळ्यात रुजले तरी पुढील मार्चपर्यंत त्याचे खोड करंगळीएवढेही जाड झालेले नसते. नेमक्या त्याच वेळी फुलांसाठी पाचोळा जाळला जातो. मोठ्या झाडाची जाड साल ही आग सहज सोसते. रोपाचा शेंडा मात्र करपून जातो. मुळात साठा असेल तर पुन्हा फुटवा येतो, परंतु दरवर्षी तोच प्रसंग आल्यावर मुळाची शक्तीही संपते. तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लावलेल्या आगी यात भर घालतात. तिसरा टप्पा चराईचा आणि नांगराचा: आगीतून वाचलेले रोप रानात गुरांच्या तोंडी पडते व शेतात नांगराखाली जाते.

अशा रीतीने फुलाचा उपयोग निर्दोष, पण फुलासाठी लावलेली आग घातक, असा निष्कर्ष निघतो. परंपरा आणि संवर्धन यांचा हा सरसकट विरोध नव्हे. एका चांगल्या परंपरेला चिकटलेल्या एका सवयीचा हा प्रश्न आहे.

ही हानी लोकांच्या ध्यानात सहसा येत नाही, त्यालाही कारण आहे. मोह दहा वर्षांच्या सुमारास फुलू लागतो, पुढे त्याचे उत्पन्न वाढत जाते आणि कित्येक दशके ते चालू राहते. त्यामुळे एखाद्या गावात तीस वर्षांत एकही नवे रोप जगले नाही, तरी त्या तीस वर्षांत टोपल्या भरतच राहतात. वार्षिक उत्पन्न हे वृक्षसमूहाच्या आरोग्याचे विश्वसनीय गमक नव्हे. जुनी झाडे एकाच पिढीतील असल्यामुळे ती थोड्याफार अंतराने एकदमच वठू लागतील. त्या वेळी लावलेले रोप फुलावर येईपर्यंत मध्ये एक रिकामा कालखंड पडेल. ज्या कुटुंबांना जमीन थोडी किंवा नाहीच, त्यांना तो कालखंड सर्वांत जड जाईल.

९. उपाय आणि अभ्यासाच्या दिशा

उपाय खर्चिक नाहीत. पाचोळा जाळण्याऐवजी झाडून आळ्याबाहेर काढणे, हा पहिला. झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्यावर झेलणे, हा दुसरा. मध्य प्रदेश व छत्तीसगडमध्ये तो अवलंबिला गेला आहे. जाळीवरील फुलांस माती लागत नाही, त्यामुळे खाद्यपदार्थांसाठी त्यांना अधिक भाव मिळण्याचा संभव असतो. वाकण्याचे श्रम वाचतात आणि आग लावण्याचे प्रयोजनच उरत नाही. तिसरा उपाय बियाण्याच्या झाडांचा. प्रत्येक ग्रामसभेने चांगल्या फुलाची काही झाडे निश्चित करून त्यांखालील टोरी न उचलण्याचा नियम करावा आणि तेथील ताजे बी पावसाच्या आरंभीच पिशव्यांत किंवा जागेवर पेरावे. उगवलेल्या रोपांना पहिली काही वर्षे काट्यांचे कुंपण द्यावे. ‘पंडुम’सारख्या संयमाच्या चालीरीती ज्या समाजात आहेत, तेथे असा नियम परका वाटणार नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे विस्तृत कार्यक्षेत्र उपलब्ध आहे. एखाद्या गावाच्या शिवारातील आणि सामूहिक वनातील सर्व मोहांचा घेर मोजून त्यांची वयोगटवार मांडणी केली, तर वंशवृद्धीतील खंड आकड्यांत दाखविता येईल. आग न लागलेल्या व लागलेल्या झाडांखालील रोपांची दोन-तीन वर्षे तुलना करणे, जाळीने आणि जमिनीवरून वेचलेल्या फुलांचे वजन, स्वच्छता व भाव यांची नोंद ठेवणे, कोणत्या कुटुंबाचा कोणत्या झाडांवर वहिवाटीचा हक्क आहे याचा ग्रामसभेच्या संमतीने नकाशा तयार करणे, हे विषय वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांनी मिळून हाताळण्याजोगे आहेत. अशा पाहणीचे निष्कर्ष प्रथम त्या ग्रामसभेपुढे मराठीतून व गोंडीतून मांडले जावेत, ही अपेक्षा अवास्तव ठरू नये.

कुरखेड्याच्या धुऱ्यांवर आज जे मोह उभे आहेत, ते बहुतांशी मागील पिढ्यांनी शेत काढताना न तोडल्यामुळे उभे आहेत. त्या पिढ्यांना झाड लावावे लागले नाही. रान जवळ होते आणि रोपे आपोआप येत होती. आता रान मागे सरले आहे व आगीचा फेरा वर्षाला आला आहे. न तोडणे एवढे पूर्वी पुरेसे होते. यापुढे झाडाखालचे रोप जाणूनबुजून वाचविणे, हाही त्या जुन्या राखणीचाच भाग मानावा लागेल.